नवख्या माणसाच्या हातात सर्व्हरची सेटिंग्ज द्यायची तर टूल कसं असावं?

मिरजेचा_पिंग (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी, जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

मी आणि माझा एक मित्र मिळून छोट्या ऑफिसांना सर्व्हर बसवून देतो. पतसंस्था, दोन-चार शाळा, एक-दोन सीएंची ऑफिसं असं गिऱ्हाईक. सर्व्हर म्हणजे फार काही नाही, एक साधा डबा, त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), सांबा नावाच्या सॉफ्टवेअरने फाइल शेअरिंग आणि रात्रीचा बॅकअप. प्रत्येक ठिकाणी "याला कॉम्प्युटरमधलं कळतं" असा एकच माणूस असतो, कुठे क्लार्क असतो, कुठे चित्रकलेचे सर असतात, आणि काहीही झालं की तो आम्हाला फोन लावतो. नवीन मुलगी कामाला लागली तिला फोल्डर दिसत नाही, फोन. कोणी सोडून गेलं त्याचा पासवर्ड बंद करायचाय, फोन. म्हणून मागच्या वर्षी आम्ही जँगोत (पायथनमधलं वेबसाइट बनवायचं साधन) एक वेब पॅनल लिहिलं, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हरची सेटिंग्ज बदलायची सोय. नऊ टॅब, सगळं मराठीत, सांबाचे बहुतेक पर्याय त्यात आहेत, आणि खरं सांगतो करताना आम्हाला फार भारी वाटत होतं.

वापरत कोणी नाही. तरीही फोनच करतात.

आणि एकाने वापरलं तर काय झालं ते ऐका. एका पतसंस्थेत इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिला. जुना १९२.१६८.१ च्या रांगेत होता, नवा १९२.१६८.० च्या. ऑफिसातल्या पीसींना आम्हीच हाताने आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) दिलेले, त्यामुळे ते जुन्याच रांगेत राहिले आणि नेट लागेना. राउटरवाला फोनवर म्हणाला तुमच्या सर्व्हरचा आयपी बदला (का म्हणाला त्यालाच ठाऊक). तिथल्या क्लार्क काकांनी इमानेइतबारे आमचं पॅनल उघडलं, नेटवर्क टॅबमध्ये आयपी बदलला, सेव्ह दाबलं. पान गोल गोल फिरत बसलं. शेअरिंग गेलं, पॅनलही गेलं, आणि तारीख होती ३१ मार्च. रात्री गाडी काढून मी जतला गेलो, कीबोर्ड-मॉनिटर लावला आणि चार मिनिटांत जुना आयपी परत टाकून दिला. काका बिचारे तोवर उपाशी बसलेले. त्यांनी केलं ते आम्हीच त्यांना करू दिलं होतं ना.

तर प्रश्न असा की ज्याला सबनेट (ही पत्त्यांची रांग) म्हणजे काय हे माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही नाही अशा माणसासाठी असलं टूल करावं कसं? पर्याय कमी करायचे का, सूचना जास्त लिहायच्या का, की हा नादच सोडायचा?

---

रात्रपाळी_अ‍ॅडमिन:

नाद सोडू नका, पण सूचना लिहिण्यात वेळ घालवू नका, कोणी वाचत नाही. दूर बसून यूएफडब्ल्यू (उबुंटूचा फायरवॉल) चालू करायला गेलं तर ते स्वतःहून विचारतं की एसएसएच (दुरून सर्व्हरवर काम करायची जोडणी) तुटू शकतं, पुढे जाऊ का? आणि मी, पंधरा वर्षं हेच काम करणारा माणूस, तिथे वाय दाबून सर्व्हरच्या बाहेर राहिलेलो आहे. तेव्हा काकांना इशारा देऊन काही व्हायचं नाही.

तुम्हाला हवाय तो आपोआप मागे येणारा बदल. विंडोजमध्ये स्क्रीनचं रिझोल्यूशन बदललं की "हे ठेवायचं का?" विचारतं, १५ सेकंदांत हो म्हटलं नाही तर जुनं परत. स्क्रीन काळी पडली तरी नुसतं गप्प बसायचं, सगळं जागेवर येतं. ज्युनिपरच्या राउटरवर 'कमिट कन्फर्म्ड' आहे, त्यात न सांगितल्यास १० मिनिटांची मुदत. तुमच्या उबुंटूवरच नेटवर्कची सेटिंग तात्पुरती लावून बघणारं 'नेटप्लॅन ट्राय' आहे, ते १२० सेकंद थांबतं आणि एंटर दाबला नाही तर मागे येतं. म्हणजे चाक नव्याने शोधायचं नाहीये, तुमच्या डब्यात ते आधीच पडलंय, तुम्ही पॅनलमधून थेट 'अप्लाय' मारलंत एवढंच.

एक गोष्ट मात्र १२० सेकंदांवर सोडू नका. काका खुर्चीतून उठून दुसऱ्या पीसीवर जाऊन शेअर उघडतंय का बघणार, तिथे मॅडम व्हाउचर टाकत असणार, त्या म्हणणार थांबा जरा. दहा मिनिटं तरी द्या.

---

मिरजेचा_पिंग:

हे पटलं, आणि लाजही वाटली कारण नेटप्लॅन ट्राय मी स्वतः रोज वापरतो. पण एक शंका. आयपीच बदलला तर "ठेवा" हे बटण दाबणार कुठून? ब्राउझर तर जुन्या पत्त्यावर बसलाय. आणि मधे लाईट गेली तर? आमच्याकडे यूपीएस असतो पण त्याची बॅटरी कधी बदलली हे कोणी विचारू नये.

---

रात्रपाळी_अ‍ॅडमिन:

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत.

ठेवा हे बटण नव्या पत्त्यावरच पाहिजे, जुन्या पत्त्यावरून दाबता आलं तर त्या परीक्षेला अर्थच नाही. बदल करण्याआधी पानावर मोठ्या अक्षरात दाखवा की आता सर्व्हर या पत्त्यावर जाणार, हा आकडा कागदावर लिहून घ्या, दहा मिनिटांत तिथे पोचून हिरवं बटण दाबा, नाही पोचलात तर काही करू नका, आपोआप पूर्वीसारखं होईल. "काही करू नका" हे शब्द महत्त्वाचे. घाबरलेला माणूस काहीतरी करतोच, बहुतेक वेळा डब्याचं बटण दाबून धरतो.

लाईटचं असं की नवी सेटिंग पक्की होईपर्यंत डिस्कवरच्या खऱ्या फाइलला हातच लावायचा नाही. फाइलमध्ये जुनंच, चालू यंत्रात नवं. हो म्हटलं की मग फाइल लिहायची. सिस्कोवाले लोक हेच फार पूर्वीपासून करतात, 'रीलोड इन' (इतक्या मिनिटांनी रीस्टार्ट हो) देऊन ठेवतात आणि काम फसलं तर डबा रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर उठतो. तुमच्याकडे लाईट गेली तर तेच काम महावितरण करेल.

---

जुना_पर्लवाला:

धागा वाचून जुने दिवस आठवले. वेबमिन हे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं टूल १९९७ पासून आहे हो, पर्ल भाषेत लिहिलेलं, १०००० पोर्टवर चालतं, आणि त्याची एक गोष्ट मला अजून आवडते, ते थेट मूळ फाइलच वाचतं आणि तीच बदलतं, स्वतःचा वेगळा डेटाबेस धरून बसत नाही, आणि जे त्याला कळत नाही त्याला हात लावत नाही. याच्या उलट नमुना म्हणजे खुद्द सांबाबरोबर येणारं स्वॅट नावाचं वेब पॅनल, ९०१ पोर्टवालं. सेव्ह केलं की एसएमबी.कॉन्फ (सांबाची सेटिंग्जची फाइल) नव्याने लिहून काढायचं, त्यात तुमच्या सगळ्या कॉमेंट गायब, दुसरी फाइल जोडणाऱ्या इन्क्लूडच्या ओळी गायब. मी एकदा तीन तास खपून प्रत्येक शेअरवर कोणी मागितलं, कधी दिलं असं लिहून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी एका पोराने स्वॅट उघडून फक्त वर्कग्रुपचं नाव बदललं. झालं. २०१३ मध्ये सांबा ४.१ आला तेव्हा त्यातून स्वॅट काढूनच टाकलं, मला काही दुःख झालं नाही.

तर पिंगराव, तुमचं पॅनल कोणती फाइल लिहितं? पूर्ण एसएमबी.कॉन्फ लिहीत असाल तर आजच थांबवा. मूळ फाइलमध्ये एक इन्क्लूड टाका आणि पॅनलने फक्त आपली ती एक फाइल सांभाळायची. तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला खुणेचा आकडा) ठेवा, पुढच्या वेळी जुळला नाही तर समजायचं कोणीतरी हाताने बदल केलाय, मग पॅनलने गपचूप पुसायचं नाही, थांबून विचारायचं. आणि उघड्या फाइलमध्ये थेट लिहू नका, बाजूला पूर्ण लिहून मग नाव बदलून जागेवर आणा, सांबा ती फाइल अधूनमधून आपणहून वाचत असतो, अर्धी लिहिलेली त्याच्या हाताला लागली तर कठीण.

बाकी माझं वैयक्तिक मत विचाराल तर टूलपेक्षा फाइल शिकवा. दहा ओळींची फाइल असते. माणूस शिकतो.

---

पुण्याची_टेस्टर:

पर्लवाले काका, शेवटच्या दोन ओळी सोडून सगळ्याशी सहमत. माणूस शिकतो, पण कशासाठी? त्या क्लार्क काकांना पतसंस्थेचा ताळेबंद जुळवायचाय, सांबा हा त्यांच्या कामातला खड्डा आहे.

मी टेस्टिंगमध्ये आहे आणि मध्यंतरी एका कॉलेजच्या ऑफिसात असल्याच एका टूलची चाचणी घ्यायला बसले होते. तिथल्या बाईंकडे एक वही होती, दोनशे पानी, मागच्या पानापासून लिहिलेली. "सर्व्हर बसला तर: काळं बटण, ५ मोजा, परत बटण, चहा." खरंच चहा लिहिलं होतं, कारण उठायला तेवढा वेळ लागतो. त्या वहीत एकाही ठिकाणी शेअर, परमिशन, गेटवे असा शब्द नव्हता. होतं ते असं: "नवीन माणूस आल्यावर", "कुलकर्णी सरांची फाइल कोणी उडवली तर", "नेट गेल्यावर". मी तिथेच टूलवाल्यांना सांगितलं की तुमचा मेनू ही वही आहे, तुम्ही उगाच दुसरा बनवलात.

पिंगदादा, तुमचे नऊ टॅब सांबाच्या मॅन्युअलच्या प्रकरणांसारखे आहेत, बरोबर ना? ते काढा. पहिल्या पानावर चार-पाच कामं ठेवा: नवीन माणूस आला, माणूस सोडून गेला, फाइल चुकून डिलीट झाली, राउटर बदलला, बॅकअप झाला का. फाइल डिलीटचं तर नक्की ठेवा, कारण लोकांना वाटतं ती विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये असेल, आणि शेअरवरची तिथे जात नाही. सांबात रिसायकलचं मॉड्यूल असतं, ते तुम्ही आधीच चालू करून द्या, विचारूच नका. "माणूस सोडून गेला" मध्ये एकच प्रश्न: त्याच्या फाइली कोणाला द्यायच्या?

आणि पर्याय कमी केले तर कोणाचं अडेल अशी भीती वाटत असेल तर हे ऐका. २०१५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी यावर अभ्यास केला होता. त्यांना असं दिसलं की बहुसंख्य वापरणारे जे पर्याय खरोखर बदलतात ते एकूण पर्यायांच्या ६ ते १७ टक्क्यांच्या आसपासच असतात, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तर ५४ टक्क्यांपर्यंत पर्याय जवळपास कोणीच वापरत नाही. ते तर जाणकार लोकांचं सॉफ्टवेअर होतं. तुमच्या काकांना आयपीचा रकाना रिकामा दाखवायची गरजच नाही, पॅनलने नेटवर्कवर डोकावून "नवीन राउटर १९२.१६८.०.१ वर दिसतोय, पण ऑफिसातले सगळे पीसी जुन्या रांगेत आहेत, सर्व्हर बदललात तर ते तुटतील, राउटरचीच रांग जुनी करून घ्या" एवढं सांगितलं असतं तर तुमची जतची फेरी वाचली असती.

अवांतर: भाषांतर जपून. मी एका पॅनलमध्ये गेटवेला (नेटकडे जायचा राउटरचा पत्ता) "प्रवेशद्वार" पाहिलंय आणि बाईंनी विचारलं की हे सीसीटीव्हीचं आहे का. राउटर, पासवर्ड, फोल्डर, बॅकअप हे शब्द आता मराठीच आहेत, ते तसेच ठेवा.

---

मिरजेचा_पिंग:

ताई, "प्रवेशद्वार" आमच्यातही आहे. आज रात्री काढतो.

पर्लवाले काका, हो, पूर्ण फाइल लिहितो आम्ही. कबूल. आता इन्क्लूड करतो आणि सेव्ह करायच्या आधी टेस्टपार्म (सांबाची फाइल तपासणारी कमांड) चालवतो, तो ओके म्हणाला तरच पुढे.

---

जुना_पर्लवाला:

टेस्टपार्मवर डोळे मिटून विसंबू नका! हे मुद्दाम लिहितोय कारण मी यात पोळलोय. समजा फाइलमध्ये 'व्हॅलिड यूजर्स' (फोल्डर कोणी उघडायचं ती यादी) च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर सुटलं. टेस्टपार्म वरती एक ओळ बडबडतो की अनोळखी पर्याय आहे, दुर्लक्ष करतोय, आणि खाली थाटात लिहितो की फाइल ओके. म्हणजे काय झालं? फक्त मॅनेजरसाठी असलेलं फोल्डर आता लॉगिन असलेल्या प्रत्येकाला उघडं, आणि कुठेही लाल काही नाही. तुमच्या स्क्रिप्टने नुसतं ओके शोधलं तर ती हिरवी खूण दाखवणार. त्या इशाऱ्याची ओळ आली तर चूकच धरायची.

आणि कोणी मूळ फाइल हाताने बदललेली असेल तिथे ही चूक असतेच असते. (हो, मीच फाइल शिकवा म्हणालो होतो. माहितीये.)

एनजिनएक्सचं (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) थोडं बरं आहे, ते चूक दिसली की अडवतं आणि ओळीचा नंबरही देतं, पण अर्धविराम वरच्या ओळीत द्यायचा राहिला तर बऱ्याचदा नंबर खालच्या ओळीचा देतं, आणि नवखा माणूस त्या निरपराध ओळीकडे तासभर बघत बसतो. तुमच्या पॅनलने असला मूळ संदेश तसाच तोंडावर फेकू नये, मात्र लपवूही नये, खाली छोट्या अक्षरात ठेवावा, म्हणजे काका तो फोनवर तुम्हाला वाचून दाखवतील.

---

घाटावरचा_गीक:

एवढं करण्यापेक्षा तयार का घेत नाही? कॉकपिट (लिनक्स सर्व्हरचं तयार वेब पॅनल) टाका, ९०९० वर ब्राउझर उघडा, झालं काम. त्यात तर नेटवर्क बदलताना जोडणी तुटली तर ते स्वतः मागे येतं आणि विचारतं की तरीही करायचं का. किंवा सरळ नासचा (फाइल शेअरिंगसाठीच बनवलेला) डबा विकत घ्या, फोनवर ॲप येतं.

---

रात्रपाळी_अ‍ॅडमिन:

कॉकपिटमधली ती सोय छान आहे, पण ती नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रामच्या जिवावर चालते आणि उबुंटू सर्व्हरवर मुळात त्याऐवजी नेटवर्कडी असतं, त्यामुळे ते बदलून घेतल्याशिवाय मिळणार नाही. आणि कॉकपिट हे मुळात ज्याला लिनक्स येतं त्याच्यासाठी सोपं आहे. त्यात डाव्या बाजूला लॉग, सर्व्हिसेस, टर्मिनल. ताईंच्या वहीवाल्या बाई ते बघून पान बंद करतील. नासचा सल्ला मात्र अगदीच वाईट नाही, जिथे नुसतं शेअरिंग आहे तिथे मीही तेच सांगतो.

---

पुण्याची_टेस्टर:

अजून एक राहिलं, आणि हे फक्त आपल्याच लोकांना चावतं. पॅनल मराठीत असेल तर लोक आकडेही मराठी कीबोर्डने टाकतात. पिंगदादा, तुमचं पॅनल पायथनमध्ये आहे ना? तिथे रेग्युलर एक्सप्रेशनमधला (मजकूर तपासायच्या साच्यातला) 'आकडा' देवनागरी अंकालाही आकडाच मानतो आणि इंटमध्ये (पूर्णांकात) बदललं तर तेही बिनतक्रार होतं. म्हणजे तुमची तपासणी पास, आणि फाइलमध्ये देवनागरी अंकांतला आयपी जाऊन बसणार, जो सांबाला कळणार नाही. चूक म्हणून परत पाठवू नका, आत घेतानाच इंग्रजी अंकांत बदलून टाका. काकांनी लिहिलेलं बरोबरच आहे, समजून घ्यायचं काम आपलं.

तसंच व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून चिकटवलेलं. वळणदार अवतरणचिन्हं, दोन डॅशचा झालेला एक लांब डॅश, पासवर्डच्या शेवटी आलेली न दिसणारी जागा. आयपी, नाव यांच्या कडेच्या जागा छाटा. पासवर्डच्या छाटू नका, कोणीतरी खरंच तसा ठेवलेला असतो, तिथे विचारा.

आणि करून झाल्यावर स्वतः टेस्ट करू नका. काकांच्या शेजारी बसा, हात मांडीखाली दाबून ठेवा, आणि ते अडतील तिथे बोलू नका. फार अवघड असतं.

---

मिरजेचा_पिंग:

मधे तीन आठवडे गेले, थोडं अपडेट देतो.

नऊ टॅब काढले. आता पहिल्या पानावर पाच बटणं आहेत, ताईंची यादी जशीच्या तशी. बाकी सगळं "आमच्यासाठी" नावाच्या पानात कुलूप लावून ठेवलं, ते आम्ही दोघं सोडून कोणी उघडत नाही आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आम्हीपण दोनदाच उघडलंय. इन्क्लूडची फाइल वेगळी केली. चेकसमची गंमत म्हणजे पहिल्याच दिवशी एका शाळेत तो जुळला नाही, बघतो तर माझ्याच मित्राने कधीतरी एसएसएच करून हाताने ओळ टाकली होती आणि मला सांगायचं विसरला होता. टेस्टपार्मचा इशारा चूक धरायला लागल्यावर दोन ठिकाणी पॅनलने सेव्ह करायला नकार दिला. एका ठिकाणी नुसता जुना बंद पडलेला पर्याय होता. दुसरं पर्लवाले काकांनी सांगितलं तसंच निघालं, मॅनेजरचं फोल्डर किती दिवस उघडं होतं देव जाणे, मी गुपचूप बंद केलं आणि मग वाटलं की सांगायला पाहिजे, म्हणून फोन करून सांगितलं. बोलणी खाल्ली.

मग जतला जाऊन काकांच्या शेजारी बसलो. हात मांडीखाली. पहिल्यांदा ते "माणूस सोडून गेला" वर अडले, म्हणाले यात निवृत्त झालेला येतो का? मला कधी सुचलंच नव्हतं. आता तिथे "सोडून गेला / निवृत्त / बदली" असं आहे, आणि बदलीत अकाउंट बंद न करता फक्त फोल्डर बदलतं. दुसऱ्यांदा सेव्ह या शब्दावर अडले. त्यांना वाटायचं सेव्ह म्हणजे कागद कपाटात ठेवणं, लगेच लागू होतं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. ३१ मार्चला त्यांनी आयपी "लिहून ठेवला" होता, बदलला नव्हता, त्यांच्या हिशेबाने. आता बटणावर "आत्ता बदला" लिहिलंय.

राउटरचं बटण मुद्दाम त्यांच्याकडून दाबून घेतलं, पॅनलची सूचना डावलून. दहा मिनिटांचं घड्याळ उलटं चालू झालं, शेअरिंग गेलं, काका माझ्याकडे बघतायत, मी छताकडे. सात मिनिटं झाल्यावर त्यांनी विचारलं, "काळं बटण दाबू का?" मी बोललो नाही, त्यांनीही दाबलं नाही. दहा झाल्यावर मॅडमच्या पीसीवर फोल्डर परत आलं.

परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं गेलं काहीतरी. तर म्हणाले, ते दहाचं पंधरा करता येईल का, मॅनेजर साहेबांची केबिन खाली आहे आणि जिन्याने उतरून, त्यांच्याशी बोलून, परत वर यायला वेळ लागतो.

पंधरा केलीत.